माझ्या अल्बमच्या संग्रहात नेमक्या कोणत्या कलाकाराचं पारडं जड आहे, हे कसं मोजावं?

तबकड्या मोजू नका, वेगवेगळे अल्बम मोजा. ज्याच्या नावावर सर्वांत जास्त निघतील तो तुमच्या संग्रहातला वरचढ कलाकार. डिस्कॉग्ज या संगीत-संग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तुमच्या नोंदी असतील तर संग्रहाची सीएसव्ही फाइल उतरवून स्प्रेडशीटमध्ये उघडा आणि कलाकाराच्या रकान्यावर पिव्हट टेबल (प्रत्येक नावाच्या ओळी मोजून देणारा तक्ता) लावा. मात्र पहिल्या आकड्यावर विसंबू नका. तिथे प्रत्येक आवृत्तीची नोंद स्वतंत्र असते. एकाच अल्बमची जुनी एलपी, नंतर पुन्हा काढलेली एलपी आणि सीडी तुमच्याकडे असेल, तर तो ३ वेळा मोजला जातो. म्हणून कलाकार आणि शीर्षक दोन्ही जुळणाऱ्या ओळी आधी एक करा. शीर्षकामागे ‘रीमास्टर्ड’सारखं शेपूट असेल तर स्प्रेडशीटला ती जुळणी दिसत नाही, तिथे नजरच फिरवावी लागते. मग एवढं बघा:

- ‘व्हेरियस’ नावाखालची संकलनं बाजूला काढा, नाहीतर बरेचदा तीच पहिली येतात.
- नावापुढच्या कंसातला आकडा पुसू नका. एकाच नावाचे दोन कलाकार त्यानेच वेगळे राहतात.
- जोडीने केलेला अल्बम दोघांच्याही खात्यात हाताने टाका.

फक्त संख्येवरून आवड ठरवू नका. निर्वाणा या बँडचे स्टुडिओ अल्बम ३च, गायक बॉब डिलनचे ३०हून जास्त. निर्वाणाचे तिन्ही असणं हे डिलनच्या पाचांपेक्षा मला जास्त बोलकं वाटतं, तेव्हा ‘एकूणपैकी किती’ हा रकाना शेजारी जरूर ठेवा.