माहितीपत्रकातलं ते पान

मी मुलांना शाळा-कॉलेज निवडायला मदत करणारी समुपदेशक. ते दोघं पालक आत आले तेव्हा वडिलांच्या हातात एका महागड्या खासगी शाळेचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी ते माझ्यासमोर उघडून ठेवलं. मधलं पान. त्यावर नामांकित कॉलेजांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा.

"मॅडम, हिला इथे घातली तर पुढचं सोपं होईल ना?"

मुलगी सातवीत होती. तिला त्यांनी आणलं नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून या गोष्टीतले काही तपशील मी बदलले आहेत.)

फी झेपणार आहे का, असं मी विचारलं तेव्हा आईने नवऱ्याकडे पाहिलं. कर्ज काढायचं ठरलं होतं. धाकट्या मुलाचं काय, तर "त्याचं नंतर बघू." हे 'नंतर बघू' मी वहीत लिहून ठेवलं.

वडील लेखापरीक्षक. सवयीप्रमाणे पुरावा घेऊनच आले होते. शिक्षणातल्या विषमतेवर काम करणाऱ्या इंग्लंडमधल्या सटन ट्रस्ट या संस्थेने 2018 मध्ये एक आकडेवारी मांडली होती: तीन वर्षांत फक्त 8 शाळा-कॉलेजांतून ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला जितकी मुलं गेली, तितकी उरलेल्यांपैकी जवळपास 2,900 शाळांमधून मिळूनही गेली नाहीत. त्या आठांतल्या बहुतेक खासगी. "आता बोला," असा त्यांचा चेहरा होता.

आकडा खराच आहे, तो नाकारण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच विचारलं, "या शाळांमध्ये आत कोण जातं?" आधी प्रवेश परीक्षा, मग फी. म्हणजे अभ्यासात पुढे असलेली आणि घरी पुस्तकं, पैसा, शिकलेले आईवडील असलेली मुलं चाळणी लावून घेतली जातात. ती पुढे चमकली, तर त्यातलं शाळेचं किती आणि मुलांनी घरून आणलेलं किती?

याचा छडा लावायची एक छान युक्ती अर्थशास्त्रज्ञांनी काढली आहे. काठावर पास झालेली आणि काठावर नापास झालेली मुलं घ्यायची. एका गुणाने आत गेलेला आणि एका गुणाने बाहेर राहिलेला यांच्यात तसा फरक काहीच नसतो; पुढे फरक पडला तर तो शाळेमुळे. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या नावाजलेल्या, प्रवेश परीक्षा घेणाऱ्या शाळांचा असा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. आत गेलेल्यांच्या गुणांत जवळपास काहीच वाढ दिसली नाही. त्या शाळा सरकारी होत्या, खासगी नव्हत्या, हेही मी त्यांना सांगितलं. नाहीतर लेखापरीक्षकाने मला तिथेच पकडलं असतं. खासगी शाळांबद्दल व्हर्जिनिया विद्यापीठातल्या पियान्टा आणि अन्सारी यांचा 2018 चा अभ्यास आहे. हजाराहून जास्त मुलांचा जन्मापासून पंधराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतलेला. वरवर पाहता खासगी शाळेतली मुलं पुढे दिसतात. घरची मिळकत आणि परिस्थिती हिशेबात धरली की ती आघाडी जवळजवळ विरघळून जाते.

"म्हणजे पैसे पाण्यात?" आई पहिल्यांदाच बोलली.

असंही मी म्हणणार नाही. एकेकाळी म्हणायचे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाच्या पालकांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं की शाळेने काही फरक पडत नाही, मुलगा हुशार आहे, आहे तिथेच ठेवा. त्याच्या शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवायला धड शिक्षकच नव्हता, आणि हे मी विचारलंच नाही. त्याची दोन वर्षं गेली. तेव्हापासून मी आधी आहे त्या शाळेची चौकशी करते, मग नव्या शाळेची.

शिवाय प्रवेश कसा होतो, यावरही बरंच ठरतं. जिथे एका प्रवेश परीक्षेवर निकाल लागतो, आयआयटीसारखा, तिथे उत्तरपत्रिकेला तुमची शाळा ठाऊक नसते. अमेरिकेतली बडी कॉलेजं मात्र सगळा अर्ज वाचतात: निबंध, शिफारसपत्रं, शाळेबाहेरचे उद्योग. तिथे खासगी शाळेचा खरा उपयोग होतो. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये दाखवलं की परीक्षेत सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत 1 टक्का घरांतली मुलं अशा 12 कॉलेजांत मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात पोचतात. कारणं तीन: त्याच कॉलेजात शिकलेल्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दिलेलं वजन. या तिसऱ्या कारणात शाळा येते. कोणतं पत्र कोणाकडून घ्यायचं, अर्ज कधी टाकायचा, हे तिथे कोणीतरी बसून सांगतं. माझ्याच व्यवसायातली गोष्ट आहे ही. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना 250 मुलांमागे एक समुपदेशक असावा म्हणते, आणि बहुतेक साध्या शाळांना तेही जमत नाही. एवढ्या गर्दीत शिफारसपत्र म्हणजे नाव बदलून छापलेला मजकूर. खासगी शाळेत तेच पत्र मुलाला चार वर्षं जवळून पाहिलेला माणूस लिहितो.

वडिलांना मी गृहपाठ दिला. शाळेला तीन प्रश्न विचारा. पानावरचे आकडे किती वर्षांचे? आकडा मुलांचा की आलेल्या होकारांचा? आणि सातवीत घेतलेल्यांपैकी शेवटपर्यंत किती टिकतात?

पंधरा दिवसांनी ते चिडूनच आले. शाळेवर नाही, स्वतःवर. "मॅडम, मी आयुष्यभर ताळेबंद तपासतो आणि हे मला दिसलं नाही!" आकडे पाच वर्षांचे मिळून होते. मोजलेले होते ते होकार. एका मुलीला सहा कॉलेजांनी घेतलं तर सहा ठिकाणी एकेक. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शाळेने दिलंच नाही. नुसत्या अर्ध्या तासात त्यांनी एका कागदावर तो आकडा साफ करून दाखवला. तो वाईट नव्हता. पण त्या पानावरची झळाळी त्यात उरली नव्हती.

आता मुलीला घेऊन या, म्हटलं.

ती एकटी तासभर माझ्याशी बोलली. शाळेच्या भित्तिपत्रकात ती दर आठवड्याला गणिती कोडं घालते, हे तिच्या आईवडिलांना माहीत होतं. मधल्या सुट्टीत पाचवी-सहावीतली मुलं उत्तर विचारायला तिच्या बाकाशी रांग लावतात आणि ती उत्तर न सांगता पुढची खूण तेवढी देते, हे माहीत नव्हतं. नव्या शाळेबद्दल तिने मला एकच विचारलं: "तिथे सगळ्यांनाच येत असेल ना? मग मला कोण विचारायला येईल?"

मोठ्यांना हे हट्टाचं वाटेल. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी 1980 च्या दशकात हेच मोजलं होतं. सारख्याच कुवतीची दोन मुलं. एक साध्या वर्गात, एक निवडक हुशारांच्या वर्गात. दुसऱ्याचा स्वतःच्या अभ्यासाबद्दलचा विश्वास कमी भरतो, कारण मूल स्वतःला शेजारच्या बाकावरून मोजतं. छोट्या तळ्यातला मोठा मासा, असं त्याला नाव पडलं आहे. सगळ्यांनाच हे बाधतं असं नाही. काही मुलं वरचढ सोबत्यांमध्ये पेटून उठतात, आणि तशी मुलं मी स्वतः नव्या शाळेत पाठवली आहेत. ही तशी नव्हती. प्रवेश परीक्षेत ती काठावर आत आली होती, म्हणजे तिथे तिची सुरुवात रांगेच्या शेपटीपासून झाली असती. तिच्या आताच्या शाळेत गणिताच्या बाई उत्तम होत्या. यावेळी मी विचारलं होतं.

निर्णय माझा नव्हता आणि मी तो दिलाही नाही. पण एक गोष्ट खटकत होती. हिशेब साफ झाल्यावर वडील शांत झाले, आई नाही. तिला मी एकटीला बोलावलं.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "मला एका परीक्षेबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं हो." बारावीत ती वर्गात पहिली होती. तिला हव्या त्या कॉलेजची वेगळी प्रवेश परीक्षा असते, हे तिला कळलं तेव्हा अर्जाची मुदत संपून आठ दिवस झाले होते. घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नव्हतं. शाळेत कोणी बोललं नाही. जे कॉलेज मिळालं त्यात ती शिकली, नोकरीला लागली, सगळं ठीक. "माझ्या मुलीला सांगणारं कोणीतरी हवं. बाकी मला त्या इमारतीचं काही नाही."

कर्ज काढून ती घेऊ पाहत होती ती वस्तू ही होती. पानावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा खरी, आणि तेवढी फी न भरताही मिळण्यासारखी. आम्ही यादी केली: दहावीनंतर कोणत्या वाटा, कोणती परीक्षा कधी, अर्ज कधी सुटतात, कोणत्या बाई तिला नीट ओळखतात आणि पत्र लिहू शकतील, शाळेतून बाहेर पडलेल्या कोणत्या मुलांना फोन करता येईल. दहावीच्या आधी शाळेचा प्रश्न पुन्हा उघडायचा, हेही त्यात लिहिलं. तेव्हा कदाचित मीच बदला म्हणेन.

कागद संपला म्हणून तिने ते माहितीपत्रक काढलं आणि मागच्या कोऱ्या पानावर पुढच्या तारखा लिहिल्या. जाताना दारात थांबली.

"धाकट्याचंही यातच लिहू का, की वेगळा कागद करू?"