सांगितलं आणि पोचलं

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी बाजू घेऊन, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. 'मी तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं' हे वाक्य त्यात पाच वेळा आलंय. मोजलं मी.

तुझं निदान चोख आहे, त्याबद्दल वादच नाही. सर्व्हरचं उत्तर यायला उशीर झाला की अ‍ॅप तीच विनंती पुन्हा पाठवतं. पहिली पोचलेली असतेच, दुसरीही पोचते, आणि ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातात. प्रत्येक ऑर्डरला स्वतःचा एक क्रमांक द्यायचा आणि 'हा क्रमांक येऊन गेलाय का' एवढं सर्व्हरने आधी बघायचं, की प्रश्न मिटला. हे तू स्टँडअपमध्ये, म्हणजे तुमच्या टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, मांडलंस, अकरा स्क्रीनशॉट जोडून मेलही टाकलास. कुणी मनावर घेतलं नाही. महिनाअखेरीला व्हायचं ते झालं, आणि आता गुरुवारच्या मीटिंगमध्ये तो जुना मेल पडद्यावर उघडून दाखवायचा तुझा बेत आहे.

दाखवू नकोस. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका कारखान्यात क्वालिटीला होते. तिथे एका लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, शाफ्ट (गोल दांडे) बनत. रोज पाच-सहा पीस रिजेक्ट व्हायचे, व्यास एक-दोन शतांश मिलिमीटरने जास्त. महिनाभर मी आकडे गोळा केले आणि चौदा पानांचा रिपोर्ट लिहिला. सरासरी, विचलन, रंगीत आलेख, सगळं. निष्कर्ष असा की मशीन थंड असताना एक माप देतं आणि तापल्यावर दुसरं. रिपोर्ट सात जणांना पाठवला. प्रॉडक्शन मॅनेजरचं उत्तर एका ओळीचं होतं: मशीन नवं आहे, माणसं लक्ष देत नाहीत. पुढचे तीन महिने मी जो भेटेल त्याला ऐकवत होते की बघा, मी सांगितलं होतं.

टूलरूममधल्या एका वयस्कर सहकाऱ्याला माझं रडगाणं ऐकून बहुधा कंटाळा आला. त्यांनी विचारलं, "त्या मशीनवर कोण असतं?" मला नाव सांगता येईना. महिनाभर त्याच मशीनचे आकडे मी लिहून घेत होते, पण तिथे उभ्या असलेल्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. ते मला त्याच्याकडे घेऊन गेले. ऑपरेटर सहज म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले चार पीस मी बाजूलाच काढतो मॅडम. मशीन गार पडलेलं असतं ना." दोन वर्षं त्याला हे ठाऊक होतं. दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरला नव्हतं. दोघांची गाठ गेटवर पडायची, तीही घाईत.

दुसऱ्या दिवशी त्या सहकाऱ्यांनी एकच केलं. त्या दुसऱ्या शिफ्टचे सगळे पीस ज्या क्रमाने बनले त्याच क्रमाने ट्रेमध्ये लावले, प्रत्येकावर मार्करने वेळ लिहिली, आणि मॅनेजरना बोलावून त्यांच्या हातात व्यास मोजायचा मायक्रोमीटर दिला. स्वतः काही बोलले नाहीत. मीही ओठ घट्ट मिटून उभी. साहेब एकेक पीस मोजत गेले. सगळे मापात. मग एक जास्त, त्यापुढचा जास्त, आणखी दोन जास्त, आणि पुन्हा मापात. त्यांनी त्या चार पिसांवरच्या वेळा वाचल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "सुट्टीनंतर?"

त्या आठवड्यापासून सुट्टी संपली की मशीन थोडा वेळ रिकामं फिरवून तापवायचं ठरलं. माझ्या रिपोर्टच्या अकराव्या पानावर नेमकं हेच लिहिलेलं होतं. पण अकराव्या पानापर्यंत कोण जातं? आणि गेलंच कुणी तरी ते माझं मत होतं. ट्रेमधलं त्यांना स्वतःला सापडलं होतं.

क्रमाने लावणं ही क्षुल्लक गोष्ट वाटेल तुला. पण एक प्रसंग ऐक. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अवकाशयानाचे उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच तुकडे झाले, सात अंतराळवीर गेले. आदल्या रात्री त्याच्या रॉकेटचे इंजिनियर फोनवरच्या बैठकीत सांगत होते की उडवू नका. थंडीने सांध्यातलं रबरी कडं कडक होतं आणि गरम वायू निसटू शकतो, ही त्यांची भीती होती, आणि तीच खरी ठरली. त्यांतल्या रॉजर बॉइसजोली यांनी तर सहा महिने आधी, जुलै १९८५ मध्ये, लेखी इशारा दिलेला होता. म्हणजे सांगायचं कुणी बाकी ठेवलं नव्हतं.

पण त्या रात्री घाईघाईत तयार करून फॅक्स केलेल्या तक्त्यांमध्ये सगळी उड्डाणं तापमानाच्या क्रमाने एकदाही मांडलेली नव्हती. चर्चा फिरत राहिली ती कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांभोवती, आणि त्यांत एक ५३ अंश फॅरनहाइटचं (सुमारे १२ सेल्सियस) होतं, एक ७५ अंशांचं (सुमारे २४ सेल्सियस). मग समोरच्याने म्हणायचंच, की इजा उबेतही होते, थंडीचा काय संबंध? नंतर चौकशी आयोगाने इजा न झालेली उड्डाणंही मोजणीत घेतली तेव्हा चित्र लख्ख झालं. ६६ अंश किंवा त्याहून उबदार असताना झालेल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये इजा दिसली होती. ६३ किंवा त्याहून कमी असताना झालेल्या ४ पैकी चारही. हे सगळे आकडे त्या रात्रीही अस्तित्वात होते. ट्रे लावलेला नव्हता, एवढंच.

दोष इंजिनियरांच्या माथी मारायचा नाहीये मला. त्यांना काही तासांची मुदत होती, वर उड्डाणाचा दबाव होता, आणि 'सुरक्षित आहे हे सिद्ध करा' असं विचारायचं सोडून 'धोकादायक आहे हे सिद्ध करा' असं त्यांनाच विचारलं गेलं. बैठकीत असा उलटा चेंडू तुझ्याकडेही येईल. आला की तो उलटा आहे एवढं शांतपणे बोलून दाखव: "दुहेरी ऑर्डर पडणार नाही याची खात्री आपण कशावरून देतोय?" एवढंच विचार आणि थांब.

तुझ्या अकरा स्क्रीनशॉटकडे येते. सगळे बिघडलेल्या ऑर्डरींचे आहेत. न बिघडलेल्या कुठे आहेत? महिन्याभराच्या ऑर्डरी घे, सर्व्हरला उत्तर द्यायला किती सेकंद लागले त्या क्रमाने लाव, आणि दुहेरी पडलेल्यांवर खूण कर. तुझं निदान बरोबर असेल तर खुणा एका टोकाला गोळा होतील. विखुरलेल्या दिसल्या तर मीटिंगच्या आधी कळलेलं बरं. हो, तीही शक्यता धर. स्वतःच्या निदानावर प्रेम बसलं की माणूस विरुद्ध पुरावा बघायचाच थांबतो. मी त्यात चांगली तरबेज होते.

आता टीमबद्दल थोडं. 'स्टँडअपमध्ये मांडलं' असं तू लिहिलंयस. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचून नष्ट झालं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर बलाचे आकडे पाउंडात देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन समजून वापरत होती. मंगळापासून २२६ किलोमीटरवरून जायचं ते यान ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेलं. हे सगळे सांगतात. कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी, की मार्ग आखणाऱ्या माणसांना आकडे जुळत नसल्याची शंका आधीच आली होती. त्यांनी ती बोलून दाखवली, पण अशा शंका नोंदवायची जी ठरलेली पद्धत होती तिच्यातून ती गेलीच नाही. मग तिचा पाठपुरावा कुणी करायचा? विमानात याला साधा उपाय आहे. जमिनीवरच्या कंट्रोलरने सूचना दिली की पायलट ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो आणि कंट्रोलर ती ऐकून पडताळतो. तोवर सूचना पोचली असं धरतच नाहीत. तुझ्या स्टँडअपमध्ये कुणी काही परत म्हणून दाखवलं का? कोण, काय, कधीपर्यंत करणार हे ठरलं का? नसेल तर तू सांगितलंस, ते पोचलं नाही. त्या मेलनेही तेच सिद्ध होईल, म्हणून तो उघडू नकोस म्हणते.

शिवाय तो उघडल्यावर खोलीत काय होईल ते डोळ्यांसमोर आण. तुझा मॅनेजर बचावात जाईल, बाकीचे मान खाली घालतील, आणि पुढची पंचवीस मिनिटं चुकलं कोण यावर जातील. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एप्रिलमधल्या सुमारे १८ टक्क्यांवरून जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. इतका धडधडीत पुरावा हाताशी असूनही बहुतेक वैद्यकविश्व त्यांच्या विरोधात राहिलं. कारणं बरीच होती. जंतूंचा सिद्धांत अजून रुजायचा होता, स्वतःचं काम छापायलाही त्यांनी फार उशीर केला. पण पुढे त्यांनी उघड पत्रं लिहून विरोधकांना खुनी ठरवलं. त्यानंतर त्यांचं म्हणणं मान्य करणं म्हणजे 'मी खुनी आहे' हे मान्य करणं झालं. तुझा मेल तुझ्या मॅनेजरसमोर असाच दरवाजा बंद करेल, लहान प्रमाणात.

त्याला काय नको आहे, याचा विचार केलास का? त्याने वर एक रिलीजची तारीख कबूल केलीय. तू दोन आठवडे मागितलेस. दोन आठवड्यांना 'नाही' म्हणणं फार सोपं असतं. लहान मागणं शोध. फक्त पैसे कापणाऱ्या त्या एका पायरीला क्रमांक लावायचा झाला तर किती दिवस? तीन? मग तीन माग, आणि बाकीचं रिलीजनंतर. बुधवारी त्याला एकट्याला गाठ. त्याची अडचण तू त्याच्याहून चांगली मांडू शकलं पाहिजे, "तारीख हलली तर तुला वर उत्तर द्यावं लागणार, म्हणून तारीख न हलवता करता येईल असं काहीतरी आणलंय." याला कुणी चापलुसी म्हणतं, म्हणू दे. आणि जो सहकारी 'हा नेटवर्कचा घोळ आहे' म्हणतोय त्याच्यासमोर ते क्रमाने लावलेले आकडे ठेव आणि आधी त्यालाच विचार, तुला काय दिसतं? त्याला तुझ्या नजरेतून सुटलेलं दिसू शकतं.

विचारण्यात कमीपणा नाही हे पटत नसेल तर एक उदाहरण देते. जुलै १९८९ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या विमानाचं मागचं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या, म्हणजे वळायला, चढायला, उतरायला काहीच उरलं नाही. कॅप्टन अल हेन्स यांना तीस वर्षांहून जास्त अनुभव होता. त्यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक पायलटला कॉकपिटमध्ये घेतलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे त्यांचा जोर कमी-जास्त करायचे दांडे, त्याच्या हाती दिले. चौघांनी मिळून विमान धावपट्टीपर्यंत आणलं. ते उतरताना मोडलं, ११२ जण गेले, पण २९६ पैकी १८४ वाचले. अशा प्रसंगासाठी ठरलेला सराव नव्हताच, त्यामुळे 'हे मला येतं' म्हणायला तिथे कुणाला जागाच नव्हती. ऑफिसात ती जागा नेहमी असते, पंचाईत तीच आहे.

गुरुवारसाठी एक पान कर. वरच्या दोन ओळींत: कोणता निर्णय हवा, कुणाकडून, कधीपर्यंत. खाली तो आलेख. बस. बुधवारी सकाळी मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते.

आणखी एक. पत्रात तू ओझरतं लिहिलंयस की सपोर्टमधली एक मुलगी आधीपासून म्हणत होती, या तक्रारी ठरावीक वेळीच येतात, लोड वाढला की. ती ग्राहकांचे फोन घेते, म्हणजे ती त्या मशीनवर उभी आहे. आज तिच्याशेजारी तासभर बसून ये. तिचं नाव काय? तुझ्या पत्रात ते कुठे सापडलं नाही मला.

तुझी,
ताई