मोरचूद, बोटुकली आणि एथिक्स कमिटी

प्रश्न : पीएच.डी.साठी मोरचुदाचा (द्राक्षांवर फवारतात ते तांब्याचं संयुग) रोहूच्या बोटुकलीवर, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांवर, होणारा परिणाम तपासायचा आहे, कारण द्राक्षबागांतलं पाणी पावसात नाल्याला मिळतं. बोटुकली आणून नळाच्या पाण्यात सोडली. दुसऱ्या दिवशी निम्मी मेली. उरलेल्यांवर प्रयोग करू का? माशांना परवानगी लागत नाही असं ऐकते.
— संशोधक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : लागते. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही जीव. मासाही त्यात आला. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या तुमच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येईपर्यंत मासे आणूच नयेत. अर्जात माशांची संख्या कशी काढली ते सविस्तर लिहा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०३ क्रमांकाच्या प्रमाणित चाचणीत विषाच्या पाच तीव्रता आणि एक बिनविषाचा नियंत्रण गट, प्रत्येकी किमान सात मासे, म्हणजे ४२ लागतात. त्याआधी, मासे वाचावेत म्हणून, झेब्राफिश या छोट्या माशाच्या गर्भांवरची २३६ क्रमांकाची चाचणी करता येईल का, हे कमिटी विचारणारच, आणि तिने विचारावंच.

मासे मेले ते बहुधा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे. त्याने कल्ले जळतात. दर मिलिग्रॅम क्लोरीनला सुमारे सात मिलिग्रॅम सोडियम थायोसल्फेट घाला आणि किटने तपासूनच मासे सोडा. नव्या टाकीत दुसरा धोका अमोनियाचा. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे जातात, आणि पीएच वाढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. पाण्याचा कठीणपणाही रोज नोंदवा. मृदू पाण्यात मोरचुदातलं तांबं कितीतरी जास्त मारक ठरतं. ही नोंद नसेल तर तुमचे आकडे कुणाच्याच उपयोगाचे नाहीत, आणि मासे फुकट गेले.

उरलेल्यांवर प्रयोग नको. माशांना नव्या पाण्याची सवय करण्याच्या सात दिवसांत दहा टक्क्यांहून जास्त मासे मेले तर सगळा लॉट बाद, असं २०३ सांगते. ते गोदावरीतही सोडू नका, रोग पसरतो.

चाचणीत मरणाची वाट पाहू नका. मासा कलंडला, स्पर्शाला प्रतिसाद देईना, की त्याला तिथेच कमीत कमी वेदनेचं मरण देऊन सोडवा.

प्रश्न : त्यासाठी बर्फाचं पाणी चालेल?

उत्तर : रोहूला नाही. ती पद्धत झेब्राफिशसारख्या अगदी लहान, उष्ण पाण्यातल्या माशांपुरती मान्य आहे. ट्रायकेन हे माशांचं भूल देणारं औषध वापरा, लिटरला २५० ते ५०० मिलिग्रॅम. त्याने पाणी आम्लधर्मी होऊन मासा तडफडतो, म्हणून निदान तेवढाच खाण्याचा सोडा आधी मिसळा. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही दहा मिनिटं मासा बाहेर काढू नका.