प्रेक्षकच नव्हते, मग छोटे फुटबॉल क्लब जगले कसे?

प्रश्न: दादा, कोरोनात फुटबॉलच्या मॅची रिकाम्या मैदानात झाल्या. मोठ्यांना टीव्हीचा पैसा आहे, पण इंग्लंडातले खालच्या लीगच्या क्लबांनी कसं भागवलं? – एक वाचक, परभणी

उत्तर: भाऊ, उरूस भरलाच नाही तर पाळणेवाल्याचं जे होईल तेच त्यांचं झालं बघा. लीग वन, लीग टूमधे (म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या लीगमधे) टीव्हीचा पैसा कमीच, कमाई गेटवरची, म्हणजे तिकीट, पार्किंग, हाफटाइमचा चहा, आणि हे सगळं मार्च 2020 पासून एका झटक्यात बंद, पण खेळाडूंचे पगार चालूच. म्हणून जूनमधे क्लबांनी मतदान करून प्लेऑफ (वरच्या लीगमधे कोण जाणार ते ठरवणाऱ्या मॅची) सोडून सीझन तिथंच थांबवला, कारण खेळायचं तर टेस्टिंगचा खर्च अंगावर. सरकारच्या फर्लो योजनेनं (काम बंद असलेल्यांच्या पगाराची मदत) 80 टक्क्यांपर्यंत पगार (मर्यादेत) उचलला, पुढच्या सीझनला क्लबांनी 10 पौंडात ऑनलाइन मॅच विकल्या, आणि कित्येक चाहत्यांनी सीझन तिकिटाचे पैसे परत मागितलेच नाहीत, हे वाचून मला खरंच भरून आलं. डिसेंबरात सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगनं 5 कोटी पौंडांची मदत दिली, पण लई उशिरा. मॅकल्सफील्ड टाऊन हा क्लब तर आधीच कर्जात होता, सप्टेंबर 2020 मधे कोर्टानं तो गुंडाळायला लावला.