'एनए-एनए' शेरा मारून पेन्शन नाकारली, आता काय करावे?

प्रश्न : माझे पती २०१४ साली सैन्यात भरती झाले. राष्ट्रीय रायफल्स या दहशतवादविरोधी दलातून अडीच वर्षे काश्मीरमधील कुपवाड्याला होते. तिथेच त्यांची झोप उडाली, बोलणे तुटले. तीव्र नैराश्याचे निदान होऊन जून २०२२ मध्ये ते बोर्ड आउट झाले, म्हणजे मेडिकल बोर्डाने अयोग्य ठरवून त्यांना सेवेतून काढले. अपंगत्व कायमचे ४० टक्के, पण आजार 'एनए-एनए', म्हणजे सेवेशी संबंध नसलेला, ठरवल्याने डिसॅबिलिटी पेन्शन नाही. त्यांच्याच तुकडीतले आमच्या गावचे एक जण पायाला गोळी लागून परतले, त्यांना पेन्शन सुरू आहे. आठ महिन्यांपूर्वी पहिले अपील केले, अजून उत्तर नाही. – एक वाचक, जि. सातारा

ताई, आधी तारखा बघा. अपिलाला सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर २००७ च्या सशस्त्र सेना न्यायाधिकरण कायद्याखाली थेट न्यायाधिकरणात जाता येते. त्यासाठी पुढचे सहा महिने मुदत असते. म्हणजे तुमच्या हातात साधारण चार महिने आहेत. उशीर माफ होऊ शकतो, पण थकबाकी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मागची तीन वर्षेच मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात सांगितले आहे. थांबाल तेवढ्या महिन्यांचे पैसे कायमचे जातील. तुमच्यासाठी मुंबईचे खंडपीठ आहे.

आता मूळ मुद्दा. 'एनए-एनए' म्हणजे आजार सेवेमुळे झालाही नाही आणि सेवेत बळावलाही नाही. धडधाकट म्हणून निवडलेला मुलगा आठ वर्षांत असा परत येतो आणि बोर्ड एका ओळीत हात झटकते, हे मला मान्य नाही. कायद्यालाही ते पुरेसे नाही. धरमवीर सिंग प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरायचे. तसे नसल्याचे सिद्ध करणे सरकारचे काम, आणि बोर्डाने कारणे लिहिलीच पाहिजेत.

पण मानसिक आजारात एवढ्यावर विसंबू नका. २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात स्किझोफ्रेनिया झालेला जवान हरला. असे आजार भरतीच्या तपासणीत कळत नाहीत, म्हणून नेमून दिलेल्या कामाचा ताण आजाराला कारणीभूत होता का हे प्रत्येक प्रकरणात पाहावे लागेल, असे न्यायालय म्हणाले. मे २०२५ मध्ये मात्र राजूमोन प्रकरणात त्याच आजाराच्या जवानाला न्याय मिळाला, कारण बोर्डाने कारणेच दिली नव्हती.

म्हणून कुपवाडा हा तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. लष्करी डॉक्टरांसाठीच्या २००८ च्या मार्गदर्शिकेतच दहशतवादविरोधी मोहिमेच्या भागात सुरू झालेला मानसिक आजार सेवेशी जोडला आहे. माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून तीन गोष्टी मागवा : मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, नेमणुकांची यादी आणि कमांडिंग ऑफिसरचा अहवाल. आजार पहिल्यांदा कधी व कुठे नोंदला गेला, ती तारीख शोधा. ती कुपवाड्यातली निघाली, तर बाजू भक्कम होते. त्या दिवसांत घरी आलेले मेसेज, सुटी नाकारल्याचे कागद, सगळे जपून ठेवा.

गावच्या त्या जवानाशी तुलना अर्जात नको. लढाईतल्या जखमेची पेन्शन वेगळी असते आणि ती जास्तच असते. ते त्यांचे रास्त आहे. तुमचा दावा तुमच्या कागदांवर उभा राहू द्या.

जिंकलात तर बोर्ड आउट झालेल्यांचे ४० टक्के अपंगत्व ५० टक्के धरले जाते. पेन्शन लागली की ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत औषधोपचाराचा मार्गही उघडतो, आणि मला वाटते त्यांना आज त्याचीच जास्त गरज आहे.

अर्जात पर्यायी मागणी म्हणून इनव्हॅलिड पेन्शनही लिहा; आजार सेवेमुळे झाला नाही असे ठरले तरी सेवेस असमर्थ झालेल्याला ती मिळू शकते. पूर्वी तिला दहा वर्षांची सेवा लागे. जुलै २०२० च्या आदेशाने ४ जानेवारी २०१९ ला किंवा नंतर सेवेत असलेल्यांसाठी ती अट काढली आहे. मात्र नागरी नोकरीसाठीही कायमचे असमर्थ असण्याची अट त्यात आहे, त्यामुळे सध्याच्या मनोविकारतज्ज्ञांचे लेखी मत जोडा.

वकिलाच्या खर्चामुळे मागे राहू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. साताऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. आणि जाताना अपिलाची पोहोचपावती बरोबर घ्या. तुमच्या मुदतीचा हिशेब अपिलाच्या त्याच तारखेपासून होईल.