औषधांचा राउंड वेळेत संपवायला विद्यार्थिनींना कसं शिकवावं?

वृद्धांच्या दीर्घकालीन देखभालीच्या वॉर्डात विद्यार्थिनींचा औषधांचा राउंड वेळेत संपत नाही, काय करू, असं तुम्ही विचारलंय. माझं विचाराल तर सुरुवातीला घड्याळाकडे बघूच नका. 'फाइव्ह राइट्स', म्हणजे योग्य पेशंट, औषध, डोस, मार्ग आणि वेळ, पोरी झोपेतही म्हणून दाखवतात. अडतं ते वेगळीकडेच. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी कुठल्याही नावाला 'हो' म्हणतात, म्हणून चार्टवरचा फोटो बघायचा. आणि तोंडात गेलेली गोळी पोटात गेलीच असं नसतं. गालात दडवलेली गोळी नंतर उशीवर सापडते, तोवर चार्टवर सही झालेली असते.

मी ट्यूटर असताना एका वॉर्डात पद्धत होती: ज्यांना गिळायला त्रास, त्यांच्या सगळ्या गोळ्या एकत्र खलात घालून कुटायच्या. माझी एक विद्यार्थिनी, तशी बुजरीच, एका आजोबांच्या मेटोप्रोलोल या बीपीच्या गोळीच्या स्ट्रिपवर 'एक्सएल' वाचून थांबली. ही गोळी दिवसभर हळूहळू औषध सोडते. मधल्या रेघेवर अर्धी करता येते, पण कुटली की सगळा डोस एकदम अंगात जातो, नाडी आणि बीपी घसरू शकतात. इन्चार्ज सिस्टर तडकल्या, "आम्ही वर्षानुवर्षं कुटतोय, कुणाला काही झालं नाही!" कळणार कसं? आजोबा चक्कर येऊन पडले तरी नोंद 'तोल गेला' अशीच होते. पोर हटली नाही. शेवटी डॉक्टरांना फोन झाला आणि त्यांनी साधी गोळी दोन वेळा विभागून लिहून दिली. राउंड अर्थातच लांबला. पोस्टिंग संपताना तिच्या फॉर्मवर शेरा आला, 'कामाचा वेग कमी'. त्याखाली मी सही केली नाही. इन्चार्ज बाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते टाकलंच.

तर कुटण्याआधी स्ट्रिप वाचायची सवय लावा. एसआर, ईआर, एक्सएल (हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्यांच्या खुणा) किंवा आतड्यात विरघळणारं आवरण दिसलं की हात थांबला पाहिजे. अ‍ॅलेन्ड्रोनेट ही हाडांची गोळी रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. थायरॉक्सिन आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर. 'ही गोळी यांना कशासाठी चालू आहे?' याचं उत्तर आलं नाही तर ट्रॉली पुढे सरकवू देऊ नका.

आता हेही कबूल करते की काही औषधांना वेळ पाळावीच लागते. पार्किन्सनच्या पेशंटचा लेव्होडोपा उशिरा गेला की अंग आखडतं, चमचाही धरवत नाही. जेवणाआधी द्यायच्या इन्सुलिनची जेवणाशी सांगड असतेच. अशी नावं राउंडच्या आधीच वेगळी काढायला लावा. आणि गोळी बदलायचा निर्णय डॉक्टरांचा. विद्यार्थिनीने फक्त थांबायचं आणि विचारायचं.

तुमच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर 'राउंड वेळेत पूर्ण केला' असा रकाना असेलच. त्याच्या शेजारी 'शंका आल्यावर थांबून विचारलं' असा एक घाला. मी सुचवला होता. त्याच बाई म्हणाल्या, फॉर्ममध्ये जागा नाही.