वाचकांचे प्रश्न : पुस्तकाच्या शेवटी येणाऱ्या टिपा

प्रश्न : माझ्या इतिहासविषयक पुस्तकाचे लेखन वर्डमध्ये पूर्ण झाले आहे. ९ प्रकरणे आणि सुमारे ३०० टिपा आहेत. टिपांचे क्रमांक मी मजकुरात हातानेच टंकित करून 'सुपरस्क्रिप्ट' केले आणि टिपा वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवल्या. आता तिसऱ्या प्रकरणात २ नव्या टिपा घालायच्या आहेत. शिवाय टिपा पुस्तकाच्या शेवटी एकत्र याव्यात, प्रत्येक प्रकरणात क्रमांक १ पासून सुरू व्हावेत आणि टिपांनंतर संदर्भग्रंथांची यादी यावी, अशी प्रकाशकांची सूचना आहे. हे कसे साधावे?

उत्तर : हाताने घातलेले क्रमांक आधी काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी वर्डच्या खऱ्या टिपा घालाव्यात, असा माझा आग्रह आहे. हे काम कष्टाचे आहे याची मला पूर्ण कल्पना आहे, तरीही त्याला पर्याय नाही. हाताने टंकित केलेला १७ हा वर्डच्या दृष्टीने केवळ वर सरकवलेला एक आकडा असतो, कोणत्याही टिपेशी त्याचे नाते नसते. संपादनाच्या कामात माझ्यासमोर एकदा अशी संहिता आली होती, जिच्या चौथ्या प्रकरणातली एक टीप लेखकाने शेवटच्या वाचनात गाळली होती, पण पुढचे क्रमांक बदलायचे राहून गेले होते. त्यामुळे तेथून प्रकरण संपेपर्यंत प्रत्येक विधानाला शेजारच्या विधानाचा पुरावा जोडला गेला होता. मुद्रितशोधकाला अशी चूक दिसत नाही, कारण क्रमांक ओळीने बरोबरच असतात. ती सापडते मूळ साधन उघडून पाहणाऱ्या वाचकाला, आणि मग त्याचा संपूर्ण पुस्तकावरचाच विश्वास डळमळतो.

जुने क्रमांक शोधण्यासाठी 'फाइंड'च्या चौकटीत काहीही टंकित न करता 'मोअर', 'फॉरमॅट', 'फॉन्ट' या मार्गाने जाऊन 'सुपरस्क्रिप्ट'वर खूण करावी. म्हणजे वर्ड आपल्याला एकेका क्रमांकापाशी नेऊन उभे करील. तेथे जुना आकडा पुसावा, कर्सर न हलवता 'रेफरन्सेस' या टॅबवरील 'इन्सर्ट एंडनोट' निवडावे किंवा ऑल्ट, कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबाव्यात, आणि उघडलेल्या जागेत आपल्या फाइलमधला टिपेचा मजकूर आणून चिकटवावा. चिकटवताना 'मर्ज फॉरमॅटिंग' हा पर्याय घेतला तर ग्रंथनामांचा तिरपा ठसा टिकतो आणि जुन्या फाइलमधला अक्षराकार मात्र सोबत येत नाही. जुन्या टिपांची छापील प्रत शेजारी ठेवून प्रत्येक टिपेवर पेन्सिलीने खूण करत गेलात, तर एखादी टीप दोनदा येणे किंवा सुटणे टळेल. पुढे एखादी टीप काढायची झाल्यास मजकुरातला क्रमांक पुसावा, टिपेतला मजकूर नव्हे. टिपेतला मजकूर पुसला तर रिकामा क्रमांक तसाच शिल्लक राहतो.

यानंतर क्रमांकांचा प्रश्न. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'लेआउट' टॅबवरील 'ब्रेक्स' मधून सेक्शन ब्रेक घालावा, साधा पेज ब्रेक नको, कारण वर्ड 'प्रकरण' ओळखत नाही, 'सेक्शन' ओळखतो. मग 'रेफरन्सेस' मधील टिपांच्या गटाच्या कोपऱ्यातला लहानसा बाण दाबून टिपांची चौकट उघडावी. एंडनोटसाठी वर्ड मुळात छोटे रोमन आकडे वापरतो; ते बदलून साधे अंक घ्यावेत, आणि यादीत देवनागरी अंक दिसत असतील तर तेच घ्यावेत. 'नंबरिंग'मध्ये 'रीस्टार्ट ईच सेक्शन' निवडावे आणि हे बदल संपूर्ण दस्तऐवजाला लागू करावेत.

टिपांची जागा ठरवताना बहुतेकांची गल्लत होते. 'एंड ऑफ डॉक्युमेंट' निवडले की टिपा फाइलच्या अगदी अखेरीस जातात आणि त्यांच्यापुढे संदर्भग्रंथांची यादी ठेवायला जागाच उरत नाही. म्हणून आपल्याला 'एंड ऑफ सेक्शन' निवडावे लागेल. तसे करताच टिपा प्रत्येक प्रकरणाखाली येऊन बसतील, त्याने घाबरून जाऊ नये. शेवटच्या प्रकरणानंतर एक नवा सेक्शन करून त्यात 'टिपा' एवढे शीर्षक टंकित करावे, त्यानंतर पुन्हा सेक्शन ब्रेक घालून पुढे ग्रंथांची यादी ठेवावी. मग सर्व प्रकरणांचा मजकूर निवडून 'पेज सेटअप'ची चौकट उघडावी आणि तिच्यातील 'लेआउट' भागात 'सप्रेस एंडनोट्स'वर खूण करावी. या खुणेचा अर्थ 'टिपा येथे छापू नयेत, पुढच्या सेक्शनकडे सोपवाव्यात' एवढाच आहे. 'टिपा' या सेक्शनवर ती खूण नसल्यामुळे सगळ्या टिपा सरकत सरकत तेथे येऊन थांबतात. ही खूण फिकट दिसत असेल आणि लागत नसेल, तर टिपांची जागा अजून 'एंड ऑफ डॉक्युमेंट'च आहे, असे समजावे.

एक उणीव मात्र राहतेच. एकत्र आलेल्या टिपांमध्ये १, २, ३ पुन्हा पुन्हा सुरू होतात, परंतु कोणत्या प्रकरणाच्या टिपा कोठून सुरू झाल्या हे वर्ड स्वतःहून लिहीत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या टिपेत क्रमांकाच्या आधी कर्सर नेऊन प्रकरणाचे नाव टंकित करावे आणि एंटर दाबावे, म्हणजे ते उपशीर्षकासारखे वेगळ्या ओळीवर येते. हे नाव त्या टिपेचाच भाग असते. टीप पुसली तर नावही जाईल, आणि तिच्या आधी नवी टीप घातली तर नाव दुसऱ्या टिपेवर जाऊन बसेल. म्हणून हे काम, सर्व बदल संपल्यावर, अगदी शेवटी करावे.

प्रश्न : टिपांचा मजकूर लहान अक्षरात हवा म्हणून 'एंडनोट टेक्स्ट' या स्टाइलमध्ये आकार ९ केला, पण मराठी अक्षरे होती तेवढीच राहिली. इंग्रजी ग्रंथनामे मात्र लहान झाली.

उत्तर : वर्ड देवनागरीची गणना 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'मध्ये करतो आणि तिचा फॉन्ट व आकार रोमन लिपीपासून वेगळा साठवतो. आपण बदललात तो आकार फक्त रोमन अक्षरांचा होता. स्टाइलच्या 'मॉडिफाय' चौकटीतून 'फॉरमॅट' आणि मग 'फॉन्ट' उघडावे. तेथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या नावाखाली स्वतंत्र रकाने दिसतील. फॉन्ट आणि आकार दोन्ही ठिकाणी भरावेत. मात्र दोन्हीकडे एकच आकडा भरणे नेहमी योग्य ठरत नाही. शिरोरेषेवरच्या मात्रा आणि खालचे उकार यांमुळे देवनागरी लवकर दाटते, त्यामुळे एका पानाची छापील प्रत काढून आकार ठरवावा. हे सारे स्टाइलमध्येच करावे, एकेक टीप निवडून करू नये, नाही तर नंतर घातलेली प्रत्येक टीप वेगळी दिसेल.

याच्याशी जोडूनच सांगतो. मजकुरातला क्रमांक वर चढवलेला हवा, पण टिपांच्या पानावर तो ओळीतच, टिंबासह असला तर वाचायला बरा पडतो. त्यासाठी टिपांमध्ये क्लिक करून कंट्रोल आणि ए दाबावे, म्हणजे केवळ टिपा निवडल्या जातील. मग 'फाइंड'मध्ये कॅरेटचे चिन्ह (^) आणि त्याला जोडून रोमन लिपीतील लहान 'ई' लिहावे, 'रिप्लेस'मध्ये कॅरेट, अँपरसँड (&) आणि टिंब लिहून 'फॉरमॅट'मधून सुपरस्क्रिप्ट नको असे सांगावे आणि 'रिप्लेस ऑल' दाबावे. उरलेल्या मजकुरातही शोधायचे का, असे वर्ड विचारील. तेथे नकार द्यावा, अन्यथा मुख्य मजकुरातले क्रमांकही खाली उतरतील.

प्रश्न : टिपांच्या वर येणारी आडवी रेघ पुसता येत नाही.

उत्तर : नेहमीच्या दृश्यात ती हाती लागत नाही. 'व्ह्यू'मधून 'ड्राफ्ट' निवडावे, मग 'रेफरन्सेस'मधील 'शो नोट्स' दाबावे. खाली उघडणाऱ्या पट्टीतल्या यादीत 'एंडनोट सेपरेटर' निवडले की रेघ दिसते आणि पुसता येते. टिपा एकाहून अधिक पानांवर जात असतील, तर त्याच यादीतील 'एंडनोट कंटिन्युएशन सेपरेटर'ही पुसावा.

प्रश्न : एकाच ग्रंथाचा लागोपाठ उल्लेख असेल तेथे मी 'तत्रैव' लिहिले आहे. हे योग्य आहे ना?

उत्तर : पद्धत म्हणून त्यात काही गैर नाही, परंतु ज्या संहितेत अजून फेरफार व्हायचे आहेत तिच्यात मी 'तत्रैव' वापरू देत नाही. समजा, टीप ११ मध्ये एका पत्रसंग्रहाचा उल्लेख आहे आणि टीप १२ मध्ये 'तत्रैव, पृ. ४५' असे आहे. उद्या या दोहोंच्या मध्ये एका बखरीविषयी टीप घातली, तर वर्ड क्रमांक अचूक बदलील, १२ ची १३ करील, पण 'तत्रैव' मात्र आता त्या बखरीकडे बोट दाखवू लागेल. ही चूक कोणतेही सॉफ्टवेअर पकडत नाही. त्यापेक्षा लेखकाचे आडनाव, ग्रंथाचे संक्षिप्त नाव आणि पृष्ठांक एवढे दरवेळी द्यावे. इंग्रजी ग्रंथसंपादनात प्रमाण मानल्या जाणाऱ्या शिकागो मॅन्युअलनेही २०१७ च्या १७ व्या आवृत्तीपासून 'तत्रैव'च्या लॅटिन प्रतिशब्दाऐवजी असा संक्षिप्त उल्लेखच पसंत केला आहे.

'टीप ११ पाहा' असे लिहायचे असेल तेव्हाही ११ हा आकडा हाताने टंकित करू नये. 'रेफरन्सेस'मधील 'क्रॉस-रेफरन्स'मधून 'एंडनोट' निवडून तो घालावा, आणि क्रमांक प्रत्येक प्रकरणात नव्याने सुरू होत असल्यामुळे सोबत प्रकरणाचाही उल्लेख करावा. असे आकडे आपोआप बदलत नाहीत. सर्व मजकूर निवडून एफ ९ ही कळ दाबल्यावर ते ताजे होतात. मुख्य मजकुरात कंट्रोल आणि ए दाबल्याने टिपा निवडल्या जात नाहीत, म्हणून टिपांमध्ये क्लिक करून हीच कृती पुन्हा एकदा करावी आणि त्यानंतरच फाइल प्रकाशकांकडे पाठवावी.